घरं मोडायची पद्धत

नवीन मासा टाकीत सोडायचा तर आधी आतल्या सगळ्यांची घरं मोडायची, ही ताईची पद्धत.

गिऱ्हाईक नवखं असलं की त्याला ते खरं वाटायचं नाही. घरी टाकी आहे, तिच्यात मासे आहेत, आणखी एक पिशवीतून नेला आणि दिला सोडून, यात एवढं काय, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. मग ताई हातातली जाळी बाजूला ठेवायची आणि सांगायला बसायची. हे सिक्लिड आहेत, जात भांडखोर, गरीब गप्पी नव्हेत. यांचा एकेक दगड ठरलेला असतो. या दगडाखालची कपार माझी, त्या कोपऱ्यातली वाळू माझी, इथून पुढे पाऊल टाकशील तर याद राख. माशाला पाऊल नसतं हे सोडा, पण दादागिरी तीच. नवा आला की जुने त्याला धड श्वाससुद्धा घेऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी बघावं तर शेपटीच्या चिंध्या. म्हणून आधी दगड बाहेर काढायचे, वेगळेच रचायचे, दिवा बंद करायचा आणि मग नव्याला सोडायचं. कुणाचंच काही जागेवर राहिलं नाही की सगळेच बावचळतात, आणि बावचळलेल्याला भांडायला फुरसत नसते.

"सगळे म्हणजे सगळे दगड हं," ताई बजावायची. "एकाचीच कपार मोडलीत तर तोच मार खाऊन मरेल."

दुकान आप्पांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी काढलेलं. खाली दुकान, वर घर. आत शिरलं की दोन्ही भिंतींना ओळीने टाक्या, मागे पाण्याची पिंपं, आणि दारातून येताच समोर ती मोठी टाकी, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. आप्पा गेल्यावर ताईने ती हळूहळू भरत आणली होती. आफ्रिकेतल्या तळ्यांमधले मासे. निळे, पिवळे, एक जांभळट पट्ट्यांचा. यांना पाणी जड, क्षारांचं लागतं, म्हणून फिल्टरात शिंपल्यांचा चुरा. खाणं हिरवं, कुणी हौसेने मांसाचे दाणे घातले तर पोटं फुगून मरतात. दर आठवड्याला नळीने तळाचा गाळ ओढायचा, थोडं पाणी बदलायचं, आणि नवं पाणी आधी पिंपात औषध टाकून ठेवायचं. नळाच्या पाण्यात जंतू मारायला जे घातलेलं असतं, ते मासे मारायलाही पुरतं. हे सगळं ताई एकहाती करायची. टाकीतल्या सगळ्यात मोठ्या निळ्या नराला, कपाळाला टेंगूळ आलेल्या, ती 'थोरले' म्हणायची. थोरले निघाले की बाकीचे वाट सोडायचे. ताई काचेजवळ आली की मात्र थोरले सगळा तोरा विसरून तोंड उघडत-मिटत पुढे यायचे, आणि ताई म्हणायची, "आले बघा लाचार."

एका गोष्टीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही, ते म्हणजे फिल्टरातले स्पंज. ते नुसते कचरा अडवत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे चांगले जंतू त्यांच्यात वस्ती करून असतात, आणि माशांच्या घाणीतलं विष तेच पचवतात. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात, एका वेळी एक, हलक्या हाताने. नळाखाली धरला की वस्ती खलास. स्पंज दिसतो लख्ख, आणि दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंडं वासतात.

हे बाळला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नव्हती. बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. केस पिकायला लागले तरी बाळच. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, ताईनेच त्याला भरवलं, न्हाऊ-माखू घातलं. शाळेत असताना एकदा फार शहाणपणा करून त्याने आप्पांच्या टाकीचे स्पंज नळाखाली घासून घासून धुतले आणि अख्खी टाकी मेली. आप्पांचा हात उठला तशी ताई मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, मी धुतले. मार तिने खाल्ला. बाळ कोपऱ्यात उभा राहून बघत होता. नंतर तिच्या पांघरुणात शिरून त्याने विचारलं, "दुखतंय का गं?" आणि ताई विरघळली. पुढची सगळी वर्षं ती तशीच विरघळत राहिली. बाळचं शिक्षण होऊ दे, बाळचा जम बसू दे, असं करता करता तिला सांगून आलेली स्थळं परत गेली आणि मग यायचीच थांबली.

बाळने उशिरा का होईना लग्न ठरवलं, तेव्हा ताईला मनापासून आनंद झाला. बायको औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे काम केलेली, चटपटीत, बोलायला मोकळी. ताईने ठरवलं, नवीन माणूस घरात येतंय तर जुन्याने अडून बसायचं नाही. माशांचं कळतं ते माणसांचं न कळायला काय झालं? रस्त्याकडची उजेडाची खोली तिची होती, ती तिने रिकामी केली. स्वयंपाकघरातले डबे खाली उतरवले, फळ्या पुसून ठेवल्या आणि भावजयीला म्हणाली, "तुला हवं तसं लाव." स्वतःची खाट मागच्या खोलीत नेली. तिथे आजारी मासे वेगळे ठेवायच्या टाक्या होत्या आणि पंपांची गुरगुर कधी थांबायची नाही. खाटेच्या दुसऱ्या टोकाला बाळ होता.

"ताई, तुला इथे बरं वाटेल का गं?" त्याने विचारलं. विचारलं, आणि खाट आत सरकवली. त्याची स्वतःची मधली खोलीही त्याच्याकडेच राहिली, सामान ठेवायला.

भावजय वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर ताईला मोकळेपणी रागावता आलं असतं. ती लवकर उठायची, दुकान झाडायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. एकदा जेवताना ती सरळ म्हणाली, "ताई, समोरची टाकी फार जागा खाते. लोक कुत्र्या-मांजरांचं खाणं विचारत येतात आणि रिकामे जातात. तिथे कपाट केलं तर?"

ताईने घास खाली ठेवला. "मी आहे तोवर ती टाकी हलणार नाही."

"बरं," भावजय म्हणाली, आणि खरंच पुन्हा तो विषय तिने काढला नाही. ताई बाळकडे बघत होती. त्याने एक शब्द बोलावा, हो म्हण, नाही म्हण, काहीतरी. बाळ म्हणाला, "मीठ दे जरा."

त्या दिवसापासून ताईच्या जिवाला घोर लागला. वरच्या घरात तिचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दुकानात गल्ल्यावर आता भावजय बसायची. उरली होती ती समोरची टाकी. ती गेली की ताई म्हणजे मागच्या खोलीतली कुणी एक बाई, पाहुणी म्हणा हवं तर. हे तिने बाळला बोलूनही दाखवलं. बाळ म्हणाला, "काहीतरीच काय, ताई. तुझ्या टाकीला कोण हात लावतंय?"

मग परगावची मावशी न्हाणीघरात पडली आणि तिच्याजवळ थांबायला दुसरं कुणी नव्हतं. ताईने जड मनाने पिशवी भरली. निघण्याआधी तिने एक पिवळी मादी समोरच्या टाकीतून काढून मागच्या खोलीत, वेगळ्या टाकीत हलवली. मादीच्या तोंडात अंडी होती. या जातीत आई अंडी तोंडातच सांभाळते आणि पिल्लं बाहेर सोडेपर्यंत अन्नाला शिवत नाही. थोरले तिला सुखाने राहू देणार नाहीत, म्हणून ही सोय. भावजयीला ताईने बजावलं, "दोन वेळा चिमूटभर दाणे, बस. बाकी कशालाही हात लावू नकोस. काही अडलं तर बाळला विचार."

परत आली तेव्हा दुकानाच्या दारातच तिला वास आला. मोठ्या टाकीचा दिवा बंद होता. पाणी दुधाळ. टाकीशेजारी बादली होती आणि तिच्यावर जुनं वर्तमानपत्र झाकलं होतं. ताईने ते उचललं. थोरले सगळ्यांच्या वर पडले होते. निळे म्हणून ओळखायची सोय नव्हती, राखेच्या रंगाचे झाले होते. डोळे मात्र तसेच उघडे.

भावजय गल्ल्यामागून पुढे आली. "ताई, माझ्याकडून झालं. तुम्ही याल तेव्हा टाकी स्वच्छ दिसावी म्हणून मी स्पंज धुतले."

"कशात?"

"नळाखाली."

"सगळे?"

"सगळे."

ताईच्या तोंडून पुढे जे निघालं ते तिचं तिलाही ओळखू आलं नाही. "माझी खोली घेतलीस, काही बोलले नाही. फळ्या घेतल्यास, गल्ला घेतलास. एवढं एकच होतं गं माझं. तेवढंही तुझ्या डोळ्यांत खुपलं? तुला सांगून गेले होते, हात लावू नकोस. दावा साधलास तू."

भावजयीचा चेहरा पांढरा पडला. तिने एकदा जिन्यापाशी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ताईला वाटलं, बोलायला तोंड आहे कुठे हिला.

बाळ पुढे आला आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे ताई. ती नवीन आहे, तिला यातलं काय कळतंय? मी तुला दुसरे आणून देईन." त्याचा आवाज इतका मऊ होता की ताईला रडू फुटलं. त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून ती रडली. सगळं गेलं तरी हा एक आपला आहे, असं तिला त्या वेळी वाटलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या रडण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ माल आणायला बाहेर पडला. ताई टाकीतलं पाणी उपसत होती तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि कोपऱ्यावरचा सुतार फळ्या उतरवायला लागला. चांगल्या घासून, रंग देऊन, सांधे पाडून तयार केलेल्या फळ्या. आत येऊन तो टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अजून हलवली नाही होय? तुमचे भाऊ तर म्हणाले होते, मी येईन तोवर जागा मोकळी असेल."

"कधी म्हणाले?" ताईने विचारलं.

"माप घ्यायला बोलावलं तेव्हा. तुम्ही मावशींकडे गेलात ना, त्याच दिवशी. ताई नाही तोवर उरकून घेऊ म्हणाले."

ताई उठून फळ्यांजवळ गेली. टाकीच्या मागे भिंतीत विजेचा बोर्ड होता, फिल्टरची वायर त्याच्यातच खोचलेली. एका फळीला नेमकी त्या बोर्डाएवढी खाच पाडलेली होती.

"तेव्हा मासे होते टाकीत?"

"होते की. तो मोठा निळा माझ्या टेपवर आतून डोकं आपटत होता." सुतार हसला, आणि ताईचं तोंड बघून त्याचं हसू तिथेच थांबलं.

ताईने मागे वळून पाहिलं. भावजय जिन्याच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुला नळाखाली धुवायला कुणी सांगितलं?" ताईने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

भावजय पायरीवरच बसली. "यांनी. टाकी स्वच्छ करूया हे माझंच डोकं, पण मी म्हटलं, आधी ताईंना फोन करून विचारू. तर म्हणाले, ती तिकडे धावपळीत आहे, मला सगळं येतं, लहानपणापासून करतोय. सगळे स्पंज काढ आणि नळाखाली खळखळून धू. दाणेही सढळ हाताने टाक म्हणाले, ताई उगाच उपाशी मारते त्यांना."

"आणि मासे वर यायला लागले तेव्हा?"

"तेव्हाही विचारलं. म्हणाले, होतं असं कधी कधी."

"मग काल बोलली का नाहीस? मी तुला नाही नाही ते बोलले."

"मला वाटलं, त्यांचीही चूकच झाली असेल. एवढ्यासाठी त्यांना तुमच्यापुढे कशाला उभं करायचं? आपण घेतलं अंगावर तर काय बिघडलं?" ती बोलता बोलता थांबली. "कपाटाचं मला नव्हतं सांगितलं, ताई. शपथ."

ताईला शपथेची गरज नव्हती. आपण घेतलं अंगावर तर काय बिघडलं, हे वाक्य तिने ओळखलं होतं. आप्पांपुढे उभी राहिली तेव्हा तिच्याही मनात हेच होतं. तिने बाळला मारातून वाचवलं होतं आणि बाळ त्यातून एवढंच शिकला होता की मध्ये उभी राहायला एक बाई असली की झालं. तोंडावर सांगितलं असतंस बाळ, ताईच्या मनात आलं, की मला टाकी नको आहे. मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि शेवटी तुझ्यासाठी तीही उचलली असती. तुला ते माहीतही होतं. पण चार दिवसांचा अबोला सोसायचा कुणी? त्यापेक्षा बायकोच्या हातून मासे मारलेले बरे.

"काल बोलले ते विसर," ती भावजयीला म्हणाली. "विसरता आलं तर."

सुतार चुळबुळत होता. "मग लावू, की परत नेऊ?"

"लावा," ताई म्हणाली. "माप बरोबर आहे."

टाकीत आता फक्त दगड राहिले होते. ते बाहेर काढल्याशिवाय टाकी हलणार नव्हती. ताई बाह्या सरसावून एकेक दगड काढून बादलीत ठेवायला लागली, आणि थोरल्यांच्या कपारीवरचा सपाट दगड हातात आला तेव्हा तिचा हात थांबला. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ती काय सांगत आली होती? सगळे म्हणजे सगळे. आणि स्वतःच्या घरात नवीन माणूस आलं तेव्हा तिने काय केलं होतं? एकटीचीच कपार मोडली होती, तीही स्वतःच्या हाताने, वर कौतुक करून घेत. बाळचा एक खडा जागचा हलला नव्हता.

दगड बादलीत टाकून तिने हात पुसले. "वर चल," ती भावजयीला म्हणाली. "आणि तुम्ही पण या हो, एक खाट उचलायची आहे."

दुपारभर त्या दोघींनी घर हलवलं, आणि खाली सुताराने टेम्पोवाल्याला हाताशी घेऊन रिकामी टाकी बाजूला केली आणि कपाट उभं केलं. ताईची खाट रस्त्याकडच्या खोलीत परत आली. बाळचे कपडे, बूट, दाढीचं सामान, जुने खोके, सगळं मागच्या खोलीत गेलं. स्वयंपाकघरातले डबे पुन्हा खाली उतरले आणि निम्मे-निम्मे वर चढले. दमून बसल्यावर ताईने विचारलं, "तुला कुठे ठेवू?"

भावजयीने पदराचं टोक कमरेला खोचलं. "मधली खोली द्या," ती म्हणाली. "एकटीला."

ताईने मान हलवली. का, ते तिने विचारलं नाही.

बाळ दिवेलागणीला आला. खाली कपाट उभं बघून त्याचा चेहरा खुलला असावा, कारण जिना चढताना तो गुणगुणत होता. वर आला आणि दारातच थबकला. त्याने आधी पुढच्या खोलीत डोकावलं, मग मधल्या. मग बायकोकडे पाहिलं आणि मग ताईकडे.

"सुतार येऊन गेला वाटतं," तो म्हणाला.

"येऊन गेला," ताई म्हणाली. "नवीन माणूस आलं तेव्हा मी फक्त माझंच घर मोडलं, बाळ. पद्धत चुकली माझी. आज सगळ्यांचं मोडलंय. तुझी खाट मागे आहे."

आणि ती थांबली. तो ओरडेल, खोटं बोलेल, विसरलो म्हणेल, निदान रडेल, यातलं काहीही तिला चाललं असतं. तो जे काही म्हणेल त्यावर काय बोलायचं ते तिने दुपारभर घोळवून ठेवलं होतं.

बाळने मान खाजवली. "मागच्या खोलीत पंपांचा आवाज फार असतो गं," तो म्हणाला.

ताईने ठरवून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. "सवय होते," ती म्हणाली. "आणि एक ऐक. तिथल्या टाकीत पिवळी आहे, तिच्या तोंडात अंडी आहेत. तेवढीच उरली आहे आता सगळ्यांतली. एकदम उजेड पडला की ती दचकते आणि अंडी गिळून टाकते. आत गेल्यावर दिवा लावू नकोस."

"बरं," बाळ म्हणाला. तो शहाण्यासारखा जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि मागच्या खोलीत गेला. दार लोटल्याचा आवाज आला, मग खाट कुरकुरली. दोघी बाहेर खुर्च्यांवर बसून होत्या.

"ताई," आतून हाक आली. "माझी उशी बाहेर राहिली."

उशी तिसऱ्या खुर्चीवर होती. ताईचा हात तिच्यापर्यंत कधी पोचला ते तिला कळलंसुद्धा नाही. उशी छातीशी धरून ती अर्धवट उठली होती, तेवढ्यात भावजयीने वाकून ती तिच्या हातातून काढून घेतली आणि परत खुर्चीवर ठेवली.

"ताई गं," पुन्हा हाक आली, या वेळी जरा लाडात.

ताई खाली बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्याने उठावं, दार उघडावं, बाहेर येऊन दोघींच्या डोळ्यांदेखत आपली उशी न्यावी, एवढंच तिला हवं होतं. एवढं केलं असतं तरी तिने बरंच काही माफ केलं असतं. आत खाट कुरकुरली. अंधारात काहीतरी चाचपल्याचा आवाज झाला, बहुधा जुन्या कपड्यांचं गाठोडं, डोक्याखाली घ्यायला. ते सापडेना असं दिसतं.

मग लोटलेल्या दाराच्या फटीतून उजेडाची रेघ त्यांच्या पायांपर्यंत आली. त्याने दिवा लावला होता.